वडा खाल्लेल्याला धक्का नाही

आमचे भावजी ज्या रस्त्यावर असतील, तो रस्ता इतरांनी बंदच समजावा. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. वाटेत उभी राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती कशाची ना कशाची वाट बघत उभी असतात. भावजी काही कारण नसताना, मनापासून आणि आनंदाने उभे राहतात. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात डाळी आणि पिठं यांच्यामधून एकच ट्रॉली जाईल एवढी बोळ असते. तिच्या तोंडाशी ट्रॉली आडवी लावून ते पोह्यांच्या पाकिटावरचा मजकूर वाचत असतात. मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं की तिथेच मुक्काम करतं, कारण तबक हातात धरून ते शेजारच्याला विचारत असतात, की तुमच्या हीटपंपचा आवाज अजून येतो का. निरोपाच्या बाबतीत तर विचारूच नका. एकदा आम्ही त्यांच्याकडून निघालो, गाडी रिव्हर्समध्ये टाकली, तरी भावजी खिडकीला धरून गाडीबरोबर चालत आले, आणि गाडी अर्धी फुटपाथवर आणि अर्धी रस्त्यात आडवी असताना त्यांना मुख्य विषय आठवला. मागे बस येऊन थांबली होती. भावजींनी बस ड्रायव्हरला हात केला. त्यानेही केला. क्राइस्टचर्चमधल्या आमच्या हॉर्नबी उपनगरात त्या रूटवरचे सगळे ड्रायव्हर त्यांना ओळखतात, आणि का ओळखतात हे मला विचारावं लागलं नाही.

हॉर्नबीतच कोल्ड स्टोरेजचे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात ते मेंटेनन्स इंजिनियर आहेत. तिथला वेल्डर वायरेमू हा धिप्पाड, कमी बोलणारा माओरी माणूस. शनिवारी स्टॉककार चालवणाऱ्या एका हौशी संघाचा तो कप्तान. एके दिवशी भरलेली फोर्कलिफ्ट घेऊन तो येत असताना भावजी तिच्यासमोर उभे राहिले आणि पंपाच्या एका वॉशरबद्दल बोलू लागले. वायरेमूने हॉर्न दिला, लाइट मारले, शेवटी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून म्हणाला, "ब्रो, हेच तू ट्रॅकवर करशील का? गाडी मी देतो."

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टॉककार म्हणजे बाहेरून लोखंडी कपाट आणि आतून लोखंडी पिंजरा. ट्रॅक ओल्या मातीचा, कडेने काँक्रीटची भिंत. सांघिक शर्यतीत चार गाड्या विरुद्ध चार गाड्या. ज्या संघाची कुठलीही एक गाडी पहिली येईल तो संघ जिंकला. म्हणून एक जण पळतो आणि बाकीचे समोरच्या पळणाऱ्याला अडवतात, ढकलतात, भिंतीत घालतात. इथे धक्का मारायला नुसती परवानगी नसते, धक्का मारणं हेच काम असतं. अडवणाऱ्याला ब्लॉकर म्हणतात. वायरेमू पळायचा, आणि भावजींना जन्मभर जे फुकट करायची सवय होती त्यासाठी हेल्मेट मिळालं.

त्यांची बायको स्मिता, माझी जाऊ, हिने हे ऐकलं तेव्हा एवढंच विचारलं, की पट्टे बांधतात ना. मग ती प्रत्येक शर्यतीला येऊ लागली, पण ट्रॅककडे पाठ करून. पिटच्या, म्हणजे शर्यतीच्या गाड्या तयार करायच्या जागेच्या, मागे गाड्या लावायचं कुरण आहे, तिथे घडीच्या टेबलावर शेगडी मांडून ती बटाटेवडे तळते. लोक ओरडले की तेलातला झारा क्षणभर थांबतो. भोंग्यावरून भावजींचं नाव ठीकठाक ऐकू आलं की पुन्हा फिरू लागतो. तळण संपेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हे तिथल्या गोऱ्या मंडळींनाही आता कळतं.

शर्यत संपली की पिट प्रेक्षकांसाठी उघडतात. इतर संघ पोस्टरवर सह्या देतात. भावजी आलेल्या प्रत्येकाला विचारतात, "जेवलात का?" आणि उत्तर यायच्या आत त्याच्या हातात वडा असतो. लहान मुलांना ते गाडीत बसवतात, पट्टे बांधून देतात, आणि मग मुलाच्या आईबापांशी गप्पा मारत गाडीच्या दारात अशा रीतीने उभे राहतात की मुलाला बाहेर येता येत नाही. बाकड्यांची जुळवाजुळव, कानात घालायचे बोळे, ब्लँकेटं, चिखल पुसायचे कपडे, मदतनिधीची बादली, हा सगळा विभाग पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आला, कारण दुसऱ्या कुणाकडे दिला असता तर बादली भावजींच्या मागे राहिली असती आणि दिसली नसती.

पहिल्याच मोसमात एक गोष्ट लक्षात आली. तेव्हा वडे शर्यतीआधी वाटले जायचे. भावजी सगळ्या संघांच्या सगळ्या ड्रायव्हरांना आग्रहाने खाऊ घालायचे आणि मग ट्रॅकवर जाऊन सज्जनासारखे कडेकडेने फिरत राहायचे. धक्का म्हणून नाही. ब्लॉकर सगळ्यांना वाट करून देतोय हे दृश्य पाहून भोंग्यावरचा माणूस म्हणाला, की या गाडीला बहुतेक दुकानातून दूध आणायला पाठवलं आहे. वायरेमूने नंतर कारण विचारलं. भावजींनी ते त्याला इंग्रजीत आणि मला मराठीत सांगितलं. मराठीतलं असं होतं: "वहिनी, ज्याच्या पोटात आपला वडा आहे त्याला मारायचं म्हणजे आपल्याच वड्याला मारणं. त्या दिवसापुरता तो आपला पाहुणा. उद्या बघू."

वायरेमूने वाद घातला नाही. त्याच्याकडेही पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत, त्यामुळे त्याला ते अर्धं पटलंच होतं. त्याने फक्त नियम केला: वडे शर्यतीनंतर. तेव्हापासून डबे माझ्या गाडीच्या डिकीत आणि किल्ली माझ्या खिशात. आणि भावजी, रिकाम्या हाताने आणि मोकळ्या मनाने, त्या ट्रॅकवरचे नाव घेण्यासारखे ब्लॉकर झाले. ते पळणाऱ्याच्या पुढे येऊन असे काही रेंगाळायचे की मागच्याला वाटावं, यांना आता काहीतरी आठवणार आहे. तो कंटाळून बाजूने निघाला, की त्याला भिंतीत घालायचे. शर्यत संपली की धावत जाऊन लागलं का म्हणून विचारायचे, आणि वडा द्यायचे.

आमचा संघ दरवर्षी एखाद्या कामाला हातभार लावतो, आणि गेली काही वर्षं ते काम म्हणजे हॉर्नबीतला एक वृद्धाश्रम. तिथली सहा-सात मंडळी दर शर्यतीला यायची. त्यांच्या म्होरक्या जॉइसआजी. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, पाय निकामी, आवाज शाबूत. त्यांचे दिवंगत यजमान आठवडाभर खाटकाचं दुकान चालवायचे आणि शनिवारी स्टॉककार, त्यामुळे या खेळातलं त्यांना आमच्या सगळ्या संघापेक्षा जास्त कळायचं. कठड्याला खुर्ची टेकवून, गुडघ्यांवर माझं ब्लँकेट घेऊन, तोंडावर उडालेला चिखल न पुसता त्या ओरडायच्या, "हाण त्याला, डार्लिंग." हे डार्लिंग म्हणजे भावजी. स्मिता म्हणायची, इतक्या वर्षांच्या संसारात मला हा शब्द सुचला नाही, बरं झालं कुणाला तरी सुचला.

मग आश्रमाची व्हॅन वॉरंटला नापास झाली. इथे गाडी ठरावीक काळाने तपासून घ्यावी लागते, आणि त्या व्हॅनचा खालचा पत्रा इतका गंजला होता की तपासणाऱ्याचा हात आरपार गेला. दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. खुर्ची चढवायला रॅम्प असलेली दुसरी व्हॅन घेणं आश्रमाला शक्य नव्हतं, आणि त्यांनी सरळ सांगितलं, की डॉक्टरकडे न्यायची सोय आम्ही कशीही करू, शनिवारची सहल मात्र बंद. जॉइसआजींनी हे मला अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्या साध्या आवाजात बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला धर्मादाय शर्यतीची रात्र आली. समोरच्या संघाचा पळणारा डॅरेल जुन्या व्हॅन विकायचा धंदा करतो. मोठ्या मनाचा, लाल कानांचा माणूस. त्याने जाहीर केलं, की रॅम्प बसवलेली एक चांगली व्हॅन मी देतो, जो संघ जिंकेल त्याने ती आपल्या पसंतीच्या संस्थेला द्यावी. आमची संस्था आश्रम. त्यांची संस्था भटक्या कुत्र्यांचा निवारा, जिथे डॅरेल रविवारी कुत्र्यांना आंघोळ घालतो. काम दोन्ही चांगलं. जॉइसआजींना तसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, कुत्र्यांना चार पाय आहेत, माझ्याकडे एकही धड नाही, मग व्हॅन कुणाला हवी?

त्या दिवशी सकाळपासून नॉरवेस्टर सुटला होता. तो गरम कोरडा वारा सुटला की क्राइस्टचर्चची निम्मी माणसं डोकं धरून बसतात आणि निम्मी भांडतात. मी तीन गाड्यांची सोय करून आश्रमाच्या मंडळींना आणलं. एकेक खुर्ची घडी करून डिकीत घालायची, माणसाला उचलून पुढच्या सीटवर बसवायचं, पोचल्यावर हेच उलट करायचं. दर शनिवारी हे होण्यासारखं नाही हे मला दिसत होतं, आणि उचलून घेताना माझ्या खांद्याला धरून ठेवणाऱ्या जॉइसआजींनाही कळत होतं.  ट्रॅकचे दिवे लांबून दिसले तेव्हा त्या म्हणाल्या, "तो आज जेवलाय ना नीट?"

घोटाळा झाला तो कार्यक्रमाच्या क्रमात. धर्मादाय रात्र म्हणून आयोजकांनी पिट शर्यतीआधी उघडले होते. वडे माझ्या डिकीत कुलूपबंद होते, पण आश्रमातली मंडळी संध्याकाळी लवकर जेवतात, त्यांच्या गोळ्या असतात, त्यांना शर्यत संपेपर्यंत उपाशी ठेवणं बरं नव्हतं. म्हणून स्मिताने त्यांच्यापुरता छोटा डबा वेगळा केला होता, माणशी एक. एक आजोबा ताप आल्यामुळे आले नव्हते, आणि स्मिता डब्यात एक जास्तीचा घालतेच. म्हणजे दोन उरले. ते दोन वडे भावजींच्या हातात होते, आणि त्याच वेळी डॅरेल शुभेच्छा द्यायला आला.

मी पलीकडे ब्लँकेटं वाटत होते. डॅरेल गाडीला टेकून उभा होता, भावजी त्याच्यासमोर आडवे, दोघं हसत होते. मग डॅरेलने बोटं चाटली आणि हात अंगातल्या ओव्हरऑलला पुसले. मी हातातली ब्लँकेटं जवळच्या आजोबांच्या मांडीवर तशीच ठेवली आणि तिकडे गेले. डॅरेल तोवर निघून गेला होता. भावजी रिकाम्या डब्याकडे बघत होते. रिक्षाने उडवल्यावर माणूस आपली चप्पल शोधतो, तसा चेहरा.

"तो म्हणाला वास छान येतोय," भावजी म्हणाले. "हात पुढे गेला, वहिनी. मी नंतर गेलो."

मी त्यांना सांगितलं, की ऐका, तो पाहुणा असेल, पण कठड्याशी बसलेल्या त्या सहा जणांनीही तुमचाच वडा खाल्लाय. पाहुणेपणाच मोजायचा असेल तर तिकडे सहा आहेत आणि इकडे एक. भावजींनी कठड्याकडे पाहिलं. जॉइसआजींनी हात केला. भावजींनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आज मारतो." आणि हेल्मेट घातलं.

मी हे वायरेमूच्या कानावर घातलं. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि तिथल्या तिथे डाव बदलला. आमचे दुसरे दोन ब्लॉकर म्हणजे दोन जुळे भाऊ, कारखान्यातच कामाला. डॅरेलला ते दोघं बघतील, भावजींनी बाकीच्यांना अडवायचं, ज्यांनी काही खाल्लेलं नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. स्मिताला मी काही सांगितलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, झारा हातात घेतला आणि पाठ केली.

हिरवा झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर आमच्या शहाणपणाचा निम्मा भाग संपला. जुळ्यांपैकी एकाची गाडी भिंतीवर चढली आणि तिथेच राहिली, एक चाक हवेत फिरत. तो हात हलवून ठीक असल्याचं सांगत होता, पण गाडी गेली. वायरेमू पुढे निघाला. डॅरेल त्याच्या मागे. भावजींनी डॅरेलच्या एका ब्लॉकरला असा काही कोपऱ्यात दाबला की लोक उठून उभे राहिले. मला वाटलं, बरं चाललंय. वाऱ्याने माती वाळली होती, धूळ उठत होती, लांबच्या वळणावरच्या गाड्या नुसत्या आकृत्या झाल्या होत्या. त्या धुळीतून मोठा आवाज आला, आणि ती निवळली तेव्हा दुसऱ्या जुळ्याचं पुढचं चाक बाहेर लोंबत होतं. आता ट्रॅकवर डॅरेलला अडवणारं आमच्याकडे एकच माणूस उरलं होतं.

डॅरेल पहिल्यांदा त्यांच्याजवळ आला तेव्हा भावजी त्याच्या पुढे होते. ते रेंगाळले. डॅरेल डावीकडे गेला, ते डावीकडे. तो उजवीकडे, ते उजवीकडे. दुकानातली बोळ, आरतीचं तबक, सगळं मला त्या गाडीत दिसत होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हणत होते, असेच उभे राहा. वायरेमू लांब निघून गेला. पण मग डॅरेलच्या संघातल्या दोघांनी मिळून वायरेमूला भिंतीशी दाबला. तो सुटला खरा, पण गाडी वाकडी झाली, धूर येऊ लागला, आणि तेवढ्यात भावजींना चुकवून डॅरेल त्याच्या पुढे निघाला.

शेवटची फेरी. वायरेमू डॅरेलच्या मागे, लंगडत. भावजी लांबच्या वळणावर आतल्या बाजूला थांबल्यासारखे हळू. डॅरेलला बाहेरून, भिंतीच्या कडेने जावं लागणार होतं, दुसरी वाटच नव्हती. यापेक्षा सोपा धक्का ब्लॉकरला आयुष्यात मिळत नाही. फक्त ॲक्सिलरेटरवर पाय दाबायचा. सगळे उभे राहिले. जॉइसआजी खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन अर्ध्या उठल्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. मी त्यांच्या पाठीला हात लावून उभी होते.

भावजींची गाडी उसळली. नेमकी डॅरेलच्या दारावर जाणार हे सगळ्यांना दिसलं, डॅरेललाही दिसलं असणार. आणि मग तिचं नाक खाली वाकलं. ब्रेक. दोन गाड्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर राहिलं असेल. डॅरेल त्यातून निघून गेला.

जॉइसआजी खुर्चीत बसल्या. मी ब्लँकेट नीट केलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पिटमध्ये परत आल्यावर भावजी गाडीतून उतरेनात. मी गेले तेव्हा पट्टे तसेच होते, हेल्मेट मांडीवर. म्हणाले, "मारायचं ठरवलं होतं, वहिनी. पाय आपोआप उचलला." वायरेमू आला, गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला आणि निघून गेला. स्मिताने वड्यांचं ताट टेबलावर ठेवलं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यातला वडा कुणी उचलला नाही. शेवटी मी जॉइसआजींची खुर्ची ढकलत तिथे आणली. त्यांनीच आणायला सांगितलं होतं. भावजी खाली उतरले आणि शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे हात बांधून उभे राहिले.

"तू त्याला शर्यतीआधी खायला घातलंस, हे खरं?"

"हो, जॉइस."

"किती?"

"दोन."

"मला एक दिलास," त्या म्हणाल्या, आणि मला खुर्ची फिरवायला सांगितली.

आम्ही निघायच्या आत डॅरेल आला. त्याला कुणीतरी कारण सांगितलं होतं, आणि त्याचे कान नेहमीपेक्षा लाल होते. तो आनंदाने येईल असं मला वाटलं होतं. तो भावजींच्या समोर, अगदी त्यांच्याच पद्धतीने, आडवा उभा राहिला. "मला भिंत दिसत होती," तो म्हणाला. "मी तयार होतो. दात आवळले होते. आणि तू मला सोडून दिलंस. मी काय दुकानात हरवलेलं पोर आहे?" भावजींनी पाहुण्याचं काय ते त्याला समजावायचा प्रयत्न केला. डॅरेल म्हणाला, की माझ्या वाडवडिलांत कुणी जिंकलं तर त्याला जिंकल्यासारखं वाटायचं, मला भीक मिळाल्यासारखं वाटतंय, आणि व्हॅन आता कुत्र्यांच्या नावावर झाली. मग तो निघून गेला. जाताना टेबलावरचा वडा त्याने उचलला नाही, पण त्याच्याकडे पाहिलं.

 परत जाताना आश्रमाच्या वळणावर जॉइसआजी म्हणाल्या, "माझा भाऊ दर रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा आणि दर शनिवारी माझ्या नवऱ्यामुळे भिंतीत असायचा. कुणाला कधी काही वाटलं नाही." मी म्हटलं, आमच्याकडे जरा वेगळं असतं. त्या म्हणाल्या, "ते दिसलं आज."

पुढच्या शर्यतीला कठड्याची ती जागा रिकामी होती. भावजींनी सगळी खटपट करून पाहिली होती. आपल्या छोट्या गाडीत दोन खेपा करायचं ठरवलं, पण खुर्ची तिच्यात मावेना. एक ट्रेलर आणला, तो आश्रमाच्या मॅनेजरबाईंनी नुसता पाहूनच परत पाठवला. कारखान्यात ते कडेने चालू लागले. दुकानात मला भेटले तर ट्रॉली शेल्फला चिकटवून लावलेली, आणि त्यांच्यामागून येणारी माणसं सुरळीत पुढे जात होती. मला ते बघवलं नाही. मी स्मिताला म्हटलं, यापेक्षा ते बसच्या आडवे उभे होते तेच बरं होतं. स्मिता म्हणाली, घरात दार उघडलं की आधी मला जाऊ देतात, मला भीती वाटते.

भावजींचं नाव भोंग्यावर पुकारलं गेलं, ते गाडीकडे निघाले, आणि त्याच वेळी फाटकातून एक पांढरी व्हॅन आत आली. तिच्यावर कुत्र्यांच्या पंजांची चित्रं होती. चालवत होता डॅरेल. त्याने मागचं दार उघडलं, रॅम्प खाली सोडला, आणि कुत्र्यांच्या वासाच्या एका मोठ्या लाटेबरोबर जॉइसआजी बाहेर आल्या, अंगभर पांढरे केस, मांडीवर एक म्हातारं, एका डोळ्याचं कुत्रं. डॅरेलने निवाऱ्याच्या लोकांना विचारलं होतं, शनिवारी संध्याकाळी व्हॅन मोकळीच असते. धुऊन परत द्यायची जबाबदारी त्याची. तो भावजींजवळ गेला आणि म्हणाला, "हे तुझ्यासाठी नाही. आज मी घरून जेवून आलोय. आता मला मार."

भावजींनी मारलं. दुसऱ्याच फेरीत, त्याच वळणावर, इतक्या मनापासून की डॅरेलची गाडी भिंतीला घासत घासत थांबली आणि तिचा बंपर ट्रॅकवर राहिला. कठड्याशी जॉइसआजी ओरडत होत्या, ते कुत्रं भुंकत होतं, आणि स्मिताने त्या दिवशी पहिल्यांदा मान वळवून पाहिलं. शर्यत थांबल्यावर भावजी धावत गेले. डॅरेल पिंजऱ्यातून अंगठा वर करून हसत होता, आणि तोंडात माती गेल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

तो मोसम असा गेला. हिवाळ्यात ट्रॅक बंद असतो, आणि त्या हिवाळ्यात जॉइसआजींना पलंगावरून उठवणं डॉक्टरांनी थांबवलं. आता नवा मोसम सुरू झालाय. व्हॅन येते, बाकीची मंडळी येतात, ब्लँकेटं मी एक कमी आणते. रविवारी दुपारी भावजी आणि डॅरेल दोघंही आश्रमात जातात. मी एकदा धुतलेले पडदे पोचवायला गेले होते तेव्हा पाहिलं. पलंगाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, त्यात हे दोघं आदल्या दिवशीच्या शर्यतीवरून भांडत होते. कोण आधी वळला, कुणी पाय उचलला नाही, कुणाची चूक. मध्ये जॉइसआजी डोळे मिटून ऐकत होत्या, आणि कुणी थापा मारू लागलं की ते न उघडता भुवई वर करायच्या. हळूहळू भुवई वर जाईना. त्यांना झोप लागली होती. दोघांच्या ते एकदमच लक्षात आलं. त्यांनी आवाज खाली आणला, आणखी खाली आणला, आणि शेवटी नुसत्या हातांनीच वळण कुठे होतं आणि गाडी कुठे होती ते एकमेकांना दाखवत राहिले. मी पडदे खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि दार न वाजवता ओढून घेतलं.